जळगावच्या सीए शाखेत तक्रार केली तर काय होतं?

पाचोऱ्याकडचे एक आप्पा गेल्या हिवाळ्यात आमच्या दालमिलच्या ऑफिसात तावातावानं शिरले. हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत बँकेनं परत केलेली फाईल. मुलीला शिकायला बाहेरदेशी पाठवायचं होतं. शैक्षणिक कर्जासाठी बँकेनं नेटवर्थ सर्टिफिकेट मागितलं होतं. तुमच्या नावावर जमीन, घर, ठेवी किती, देणं किती आणि वजा जाता उरतं किती, याचा सीएनं सही करून दिलेला दाखला म्हणजे नेटवर्थ सर्टिफिकेट. आप्पांनी तो एका एजंटाकडून दीड हजारात, अर्ध्या तासात करून आणला होता. बँकेतल्या साहेबानं कागदावरचा नंबर कॉम्प्युटरला टाकला आणि फाईल टेबलावरून परत सरकवली. म्हणाला, हा नंबरच सापडत नाही.

"जळगावला सीए लोकांची संघटना आहे ना? तिथं अर्ज देतो. त्याचं लायसनच रद्द करून टाकतो," आप्पा म्हणाले.

मी सीए नाही. तीन वर्षं आर्टिकलशिप केली, म्हणजे सीएच्या हाताखाली उमेदवारी, फायनलचा एक ग्रुप निघाला, दुसरा चार वेळा बसूनही निघाला नाही. मग या मिलची खतावणी हातात घेतली ती आजतागायत. त्यामुळे हे घर मी आतूनही पाहिलंय आणि आता बाहेरूनही पाहतो. आप्पांच्या त्या एका वाक्यात जे गैरसमज होते ते एकट्या आप्पांचे नाहीत. चांगले शिकलेले व्यापारीसुद्धा असंच समजतात, म्हणून हे लिहितोय.

सुरुवात 'संघटना' या शब्दापासूनच करू. आडत्यांची असोसिएशन असते, सराफांची असते, दालमिलवाल्यांची असते. चार धंदेवाले एकत्र येतात, वर्गणी काढतात, मार्केट कमिटीशी भांडतात, दिवाळीला स्नेहमिलन करतात. पटलं तर राहा, नाही पटलं तर वर्गणी देऊ नका, तुमची आडत काही बंद पडत नाही. सीए लोकांचं असं नाही. 'इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया', आयसीएआय, ही संसदेच्या कायद्यानं जन्मलेली संस्था आहे. कायदा 1949 चा, अंमल 1 जुलै 1949 पासून. तिच्या रजिस्टरात नाव असेल तोवर माणूस सीए. नाव काढलं की त्याला स्वतःला चार्टर्ड अकाउंटंट म्हणवून घेता येत नाही, मग परीक्षा कितीही चांगल्या मार्कांनी पास झालेला असो.

वकिलांच्या उदाहरणानं हे चटकन कळतं, कारण खान्देशात कोर्टाची पायरी बहुतेकांनी चढलेली असते. वकिलाला पदवी विद्यापीठ देतं, सनद बार कौन्सिल देते आणि कोर्टाच्या आवारातली बार असोसिएशन वेगळीच असते. सीएच्या बाबतीत शिकवणं, परीक्षा घेणं, सनद देणं, नियम करणं, चुकला तर कान धरणं हे सगळं एकाच घरात. एकाच घराकडे इतकं सगळं असावं का, यावर वाद आहे आणि तो रास्तही आहे. त्याच वादातून 2018 साली सरकारनं 'एनएफआरए' नावाचं वेगळं प्राधिकरण नेमलं. शेअर बाजारात नोंदलेल्या आणि मोठ्या कंपन्यांच्या ऑडिटरांची चौकशी आता ते करतं. आपल्या किराणा दुकानाशी किंवा जिनिंगशी त्याचा सहसा संबंध येत नाही.

1949 च्या आधीही ऑडिटर होतेच. 1913 च्या कंपनी कायद्यानं कंपन्यांना ऑडिट बंधनकारक झालं आणि ऑडिट करण्याचं प्रमाणपत्र सरकार द्यायचं. मुंबई सरकारनं 1918 साली अकाउंटन्सीचा सरकारी डिप्लोमा सुरू केला. 1932 च्या नियमांनंतर 'रजिस्टर्ड अकाउंटंट' आले. पण सगळं सरकारच्या हातात होतं. स्वातंत्र्यानंतर ठरलं, की या पेशानं आपला कारभार आपण करावा, मात्र कायद्याच्या चौकटीत. आज या घराचे सदस्य चार लाखांहून जास्त आहेत.

जाता जाता, 1 जुलै या तारखेत खान्देशासाठी एक गंमत आहे. सीए दिवस 1 जुलैचा. नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला तो 1 जुलै 1998 ला. आणि जीएसटी लागू झाला 1 जुलै 2017 ला. आमचे जुने मुनीमजी म्हणायचे, एका तारखेला जिल्हा वाढला आणि त्याच तारखेला डोकेदुखी.

मग जळगावला आहे ते काय? आयसीएआयचं मुख्य ऑफिस दिल्लीत. देशाचे पाच विभाग केलेत आणि प्रत्येकाची एक विभागीय परिषद: पश्चिमेची मुंबईत, दक्षिणेची चेन्नईत, पूर्वेची कोलकात्यात, मध्य भारताची कानपुरात, उत्तरेची दिल्लीत. आपण पश्चिमेत. महाराष्ट्र, गुजरात, गोवा आणि दादरा-नगर हवेली, दमण-दीव या विभागात येतात. नवापूर, शहाद्याच्या व्यापाऱ्याला मुंबईपेक्षा सुरत जवळची, त्यामुळे ही विभागणी आपल्याला परकी वाटू नये. विभागीय परिषदेच्या खाली गावोगावच्या शाखा. जळगावची एक, धुळ्याची एक.

तुमच्या सीएच्या लेटरहेडवर यातलं अर्धं दिसतं, फक्त कुणी निरखून पाहत नाही. नावाखाली 'एम. नंबर' असतो, तो त्या माणसाचा सहा आकडी सभासद क्रमांक. फर्मचाही एक नंबर असतो, एफआरएन, आणि त्याच्या शेवटी इंग्रजी 'डब्ल्यू' असतो. तो डब्ल्यू म्हणजे वेस्ट, आपला पश्चिम विभाग. चेन्नईकडच्या फर्मच्या नंबरात 'एस' सापडेल. 'एसीए' आणि 'एफसीए' यांतला फरकही अनेकजण विचारतात. एसीए म्हणजे असोसिएट सभासद, एफसीए म्हणजे फेलो, म्हणजे ढोबळ मानानं पाच वर्षं प्रॅक्टिस झालेला. परीक्षा दोघांची एकच. मात्र सहीसाठी आणखी एक गोष्ट लागते: 'सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस'. कंपनीत पगारावर नोकरी करणारा, प्रॅक्टिसची परवानगी न घेतलेला सीए तुमच्या ऑडिटवर सही करू शकत नाही. तुमचा भाचा पुण्यात एखाद्या मोठ्या कंपनीत सीए म्हणून असेल, तर त्याला सुट्टीत घरी आल्यावर "एवढी सही मारून दे" म्हणू नका. तो अडचणीत येईल.

शाखेत नेमकं काय चालतं ते मी आर्टिकल असताना पाहिलंय, कारण खुर्च्या लावायचं काम आमच्याकडे असायचं. सगळ्यात जास्त चालतात ती व्याख्यानं. प्रॅक्टिस करणाऱ्या सीएला कायम शिकत राहण्याचं बंधन आहे. त्याला 'सीपीई' म्हणतात. साठीच्या आतल्या प्रॅक्टिस करणाऱ्यानं तीन वर्षांत 120 तास भरायचे, आणि त्यातले निदान 60 तास रीतसर कार्यक्रमांत बसून. ते तास देण्याचं काम शाखा करते. फेब्रुवारीत बजेटवर व्याख्यान, पावसाळ्यात टॅक्स ऑडिटवर, मध्येच जीएसटीच्या नव्या सर्क्युलरवर. मुंबई-पुण्याचा वक्ता सकाळच्या गाडीनं येतो, रजिस्टरवर सह्या होतात, दुपारी जेवण. काहीजण सही करून मागच्या दारानं सटकतात हेही खरं. पण कायदा दर महिन्याला बदलत असताना चोपडा, रावेर, शिरपूरच्या सीएला मुंबईला न जाता ते ऐकायला मिळतं, ही गोष्ट लहान नाही. त्याचा फायदा शेवटी तुमच्या रिटर्नला होतो.

दुसरं मोठं काम विद्यार्थ्यांचं. पश्चिम विभागातल्या विद्यार्थी संघटनेचं इंग्रजी आद्याक्षरांतून होणारं नाव 'विकासा' आहे. इतकं मराठी वाटणारं नाव सरकारी समितीलाही सुचलं नसतं. बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटरमिजिएट, मग फर्ममध्ये आर्टिकलशिप आणि शेवटी फायनल, असा हा रस्ता. आमच्या वेळी आर्टिकलशिप तीन वर्षांची होती. 2023 साली आलेल्या नव्या योजनेत ती दोन वर्षांची झाली. मधल्या काळात कॉम्प्युटर आणि ओरिएंटेशनचे कोर्स करावे लागतात. ते शाखेत होतात म्हणून यावल-फैजपूरच्या पोरीला पुण्यात खोली करून राहावं लागत नाही. माझ्या मते खान्देशाच्या दृष्टीनं शाखेचं खरं मोल इथं आहे. घरापासून एसटीच्या पासवर जाऊन सीए झालेल्या मुली मी पाहिल्यात. शाखा नसती तर त्यांच्या घरच्यांनी बी.कॉम.वरच थांबवलं असतं.

आर्टिकलच्या मानधनाचं एक कोडं आहे आणि ते खास आपल्या भागाचं आहे. फर्मनं किमान किती मानधन द्यायचं हे शहराच्या लोकसंख्येवर ठरतं. वीस लाखांच्या वरची शहरं पहिल्या गटात, चार ते वीस लाखांची दुसऱ्या आणि चार लाखांच्या खालची तिसऱ्या. 2011 च्या जनगणनेत जळगाव शहर 4 लाख 60 हजारांच्या घरात होतं आणि धुळं 3 लाख 75 हजारांच्या. झालं! तेच काम, तेच पुस्तक, तीच परीक्षा, पण धुळ्याच्या आर्टिकलचं किमान मानधन एक पायरी खाली. धुळेकरांना यावर कुणी डिवचू नये, त्यांना आधीच जळगावचं नाव काढलं की चढतं.

शाखेचा कारभार सभासदांतून निवडून आलेली समिती पाहते. विभागीय परिषद आणि दिल्लीची मध्यवर्ती परिषद याही निवडणुकीनं येतात. मध्यवर्ती परिषदेत जास्तीत जास्त 40 जण: 32 निवडून आलेले आणि 8 पर्यंत केंद्र सरकारनं नेमलेले. मतदान पसंतीक्रमाचं. ही पद्धत समजायला अवघड म्हणतात, पण आपल्याकडच्या मास्तरांना विचारा. नाशिक विभागाच्या शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघात जळगाव, धुळे, नंदुरबार येतात आणि तिथं असंच 1, 2, 3 लिहावं लागतं.

तरी एकदा आकड्यांत सांगतो. समजा जागा तीन आणि वैध मतं शंभर. शंभराला जागांपेक्षा एक जास्त, म्हणजे चारनं भागायचं आणि आलेल्या पंचवीसमध्ये एक मिळवायचा. 26 हा कोटा. ज्याला पहिल्या पसंतीची 26 मतं पडली तो आला. कुणाला 36 पडली तर वरच्या दहा मतांचं वजन वाया जात नाही, ते त्याच्या मतदारांनी दोन नंबरला लिहिलेल्यांकडे सरकतं. पुढे जो सगळ्यात मागे असेल तो बाद, आणि त्याची मतं त्यावरच्या पुढच्या पसंतीकडे. असं फिरत फिरत तिघं पूर्ण होतात. आता विचार करा, आपल्या विभागात मुंबई, पुणे, अहमदाबाद, सुरत अशी गावं आहेत. एकट्या खान्देशच्या पहिल्या पसंतीवर कुणाचा कोटा भरणं कठीण. पण दोन-तीन नंबरची मतं इथून तिथून गोळा करणाऱ्याला जळगाव-धुळ्यात यावंच लागतं. म्हणून निवडणुकीच्या हंगामात मुंबईचे मोठे सीए अचानक भरीत पार्टीला हजर होतात आणि आमच्या शेवभाजीचं तोंडभर कौतुक करतात. भरीत खाऊन ते गेले, की मग आपल्या प्रश्नांचं काय होतं, ते मात्र मतदारांनीच सांगावं.

आता गिऱ्हाईक म्हणून तुम्हाला या घराचे नियम कुठे आडवे येतात ते पाहू. सगळ्यात जास्त भांडणं होतात 'एनओसी'वरून, म्हणजे ना-हरकत पत्रावरून. तुम्ही जुना सीए सोडून नव्याकडे जाता. नवा म्हणतो, आधीच्या साहेबांची एनओसी आणा. जुना म्हणतो, बघू. तुमचा सप्टेंबर निघून जातो. कायद्याच्या परिशिष्टात नियम आहे तो असा: जिथं आधी दुसरा ऑडिटर होता, तिथं काम स्वीकारण्यापूर्वी नव्यानं जुन्याला लेखी कळवायचं. लेखी कळवायचं, परवानगी मागायची नाही. हेतू असा, की मालक काही लपवायला ऑडिटर बदलतोय का, हे नव्याला कळावं. "यांनी स्टॉक फुगवायला सांगितला, मी नाही म्हटलं, म्हणून मला काढलं" असं जुन्यानं उत्तरात लिहिलं तर नवा सावध होईल. जुन्याकडे तुमच्या हिताला अडवण्याचं हत्यार असावं, असा त्या नियमाचा अर्थ नाही. फक्त एक अडसर खराच आहे: जुन्या ऑडिटरची वाद नसलेली ऑडिट फी थकली असेल, तर नव्यानं ते ऑडिट घ्यायचं नाही. म्हणून सीए बदलताना आधी जुनं बिल चुकतं करा. माझ्या पाहण्यातल्या दहांतल्या नऊ एनओसी तिथंच अडकलेल्या असतात, आणि मालक सांगताना तेवढं सांगत नाही.

टक्केवारीचंही तसंच. "रिफंड येईल त्याच्या दहा टक्के तुमचे," असं कुणी सीएला म्हटलं आणि त्यानं मान हलवली, तर तो नियम मोडतोय. नफ्यावर, निकालावर, मिळालेल्या रकमेवर फी ठरवायला बंदी आहे. ज्याचं पोट आकडा मोठा होण्यावर आहे त्यानं तो आकडा खरा आहे अशी सही करावी, हे कसं चालणार? काही कामांना अपवाद आहेत, सहकारी संस्थेचं ऑडिट हा त्यातला एक. जाहिरातीवरही कडक बंधनं आहेत. म्हणून बस स्टँडसमोर 'सवलतीच्या दरात ऑडिट' असा सीएचा फ्लेक्स दिसत नाही. दिसलाच तर तो सीएचा नाही, असं धरून चाला. टॅक्स ऑडिटच्या संख्येलाही मर्यादा आहे, एका सीएला वर्षाला 60. त्यामुळे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात साहेब "जागा नाही" म्हणाले, तर ते दर वेळी नाटक नसतं.

तो अठरा अक्षरांचा नंबर

आप्पांच्या कागदावरचा जो नंबर बँकेत सापडला नाही, त्याला 'यूडीआयएन' म्हणतात, बोलताना 'यूडिन'. खोट्या सह्या-शिक्क्यांचे दाखले इतके वाढले होते, की आयसीएआयनं प्रत्येक कागदाला वेगळा नंबर देण्याची सोय केली. 1 फेब्रुवारी 2019 पासून सर्व दाखल्यांना, 1 एप्रिल 2019 पासून टॅक्स आणि जीएसटी ऑडिटला आणि 1 जुलै 2019 पासून उरलेल्या सगळ्या ऑडिट-तपासणीला तो सक्तीचा झाला.

नंबर कसा वाचायचा? एकूण अठरा अक्षरं-आकडे. पहिले दोन आकडे वर्षाचे. पुढचे सहा सही करणाऱ्याचा सभासद क्रमांक. मग सहा इंग्रजी अक्षरं आणि चार आकडे, हे यंत्रानं काढलेले, प्रत्येक कागदाला वेगळे. म्हणजे लेटरहेडवरचा एम. नंबर आणि यूडिनमधले तिसऱ्यापासून आठव्यापर्यंतचे आकडे जुळले पाहिजेत. एवढं तर इंटरनेटशिवाय, नुसत्या डोळ्यांनी पाहता येतं. आप्पांच्या कागदावर तेही जुळत नव्हतं. एजंटानं दुसऱ्या कुठल्यातरी कागदावरून नंबर उतरवताना मध्ये दोन आकडे बदलले होते.

पुढची तपासणी आयसीएआयच्या यूडिन पोर्टलवर होते, फुकट, कुणालाही. आपलं नाव, मोबाईल, ई-मेल टाकायचा, ओटीपी येतो, मग यूडिन टाकायचा. सही करणाऱ्याचं नाव, कागदाचा प्रकार, तारीख आणि त्यानं नोंदवलेले मुख्य आकडे समोर येतात. आकडे येतात हे महत्त्वाचं. दाखला खरा असूनही नंतर कुणी 12 लाखांचे 42 लाख केले असतील, तर इथं उघडं पडतं. एक मात्र लक्षात ठेवा. यूडिन खरा निघाला म्हणजे 'ही सही याच सीएची आहे' एवढंच सिद्ध होतं. आतला हिशोब बरोबर आहे याची हमी तो नंबर देत नाही. आणि सही केल्यावर यूडिन काढायला सीएला 60 दिवसांची मुभा असते, त्यामुळे कागदावर नंबर नाही म्हणून लगेच आरडाओरड नको. आधी साहेबांना फोन करा.

मग तक्रार कुठे?

आता आप्पांच्या मूळ मुद्द्याकडे येतो. जळगावच्या किंवा धुळ्याच्या शाखेला कुणाचीही सनद रद्द करण्याचा अधिकार नाही. शाखाध्यक्ष हा तुमच्या सीएचा वरिष्ठ अधिकारी नव्हे. तो त्याच्याच शेजारच्या गल्लीत प्रॅक्टिस करणारा, सभासदांनी एका वर्षासाठी पुढे केलेला माणूस. तो फार तर दोघांना चहाला बोलावून समेट घडवेल, आणि पुष्कळ वेळा तेवढ्यानं भागतंही. मुंबईच्या विभागीय परिषदेकडेही हा अधिकार नाही. दात आहेत ते दिल्लीत.

तक्रार ठरलेल्या नमुन्यात, ठरलेली फी भरून आयसीएआयच्या शिस्तपालन संचालकाकडे करायची. सोबत पुरावे हवेत. "सगळं गाव जाणतं" हा पुरावा होत नाही. संचालक सीएचं म्हणणं मागवतो, त्यावर तुमचं म्हणणं मागवतो आणि प्रथमदर्शनी तथ्य आहे का ते ठरवतो. कायद्याला दोन परिशिष्टं जोडलेली आहेत. जाहिरात, टक्केवारी, जुन्या ऑडिटरला न कळवणं असले दोष पहिल्यात. माहीत असून खोटं प्रमाणित करणं, कामात घोर हलगर्जी, गिऱ्हाईकाची गुपितं फोडणं असले जड दोष दुसऱ्यात. पहिल्या परिशिष्टाची प्रकरणं शिस्तपालन मंडळाकडे जातात, दुसऱ्याची शिस्तपालन समितीकडे. या समितीत सरकारनं नेमलेले बाहेरचे सदस्यही असतात, सगळे सीएच एकमेकांना सांभाळून घेतात असं नाही. शिक्षा ताकिदीपासून दंडापर्यंत आणि काही काळासाठी किंवा कायमचं नाव काढण्यापर्यंत जाते. त्यावर अपील आहे. वेळ लागतो, बराच लागतो.

आणि या सगळ्यातून तुमचे पैसे परत मिळत नाहीत. ही गोष्ट तक्रार करायला निघालेल्याला मी सगळ्यात आधी सांगतो. सीएच्या चुकीनं तुम्हाला पाच लाखांचा दंड बसला असेल, तर शिस्तपालन समिती त्याला शिक्षा करील, तुमचे पाच लाख वसूल करून देणार नाही. त्यासाठी कोर्ट वेगळं. फी जास्त लावली, फोन उचलत नाही, असल्या कुरबुरींसाठीही दिल्ली गाठू नका.

पण त्याहून आधी पाहायचं, की समोरचा माणूस सीए आहे तरी का? आपल्याकडे रिटर्न भरणाऱ्या प्रत्येकाला 'सीए साहेब' म्हणायची पद्धत आहे. त्यातले अनेक कर सल्लागार असतात, काही वकील, काही जीएसटी प्रॅक्टिशनर. त्यात कमीपणा काही नाही. लहान दुकानदाराचं काम ते वर्षानुवर्षं चोख करतात आणि परवडणाऱ्या पैशात करतात. त्यांच्या गावोगावच्या संघटना मात्र खरोखरच संघटना आहेत, स्वेच्छेच्या. देशपातळीवर त्यांचा महासंघ 1976 पासून आहे. पोर्टल बंद पडलं, तारीख वाढवून हवी, तर हे लोक निवेदनं देतात. पण टॅक्स ऑडिटवर सही त्यांना चालत नाही आणि आयसीएआयचा त्यांच्यावर काडीचा अधिकार नाही.

पतसंस्थांची बाब तर आणखी निराळी, आणि जळगाव जिल्ह्यात ती फार दुखरी आहे. ठेवी अडकलेली माणसं आजही भेटतात, निवृत्त मास्तर, विधवा बाया, लेकीच्या लग्नाला ठेवलेले पैसे. त्यांचा पहिला प्रश्न असतो, "ऑडिटर काय करत होता?" प्रश्न बरोबर आहे. पण सहकारी संस्थेचं ऑडिट करणारा सीएच असतो असं नाही. 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 81 खाली सहकार खात्याच्या नामतालिकेवरचा, म्हणजे पॅनेलवरचा, लेखापरीक्षक लागतो. तो सीए असेल, किंवा सहकार खात्याची जीडीसी अँड ए परीक्षा पास झालेला प्रमाणित लेखापरीक्षकही असेल. अहवालाच्या शेवटी सहीखाली काय लिहिलंय ते वाचा. एम. नंबर असेल तर आयसीएआयचा रस्ता उघडा आहे. नामतालिकेचा क्रमांक दोघांच्याही सहीखाली असू शकतो, आणि नामतालिकेवरच्या माणसाबद्दल जिल्हा उपनिबंधक किंवा जिल्हा विशेष लेखापरीक्षकाकडे जाता येतं. त्याहून सोपं म्हणजे सभासद असाल तर सप्टेंबरअखेरपर्यंत होणाऱ्या वार्षिक सभेला जा आणि अहवालातला ऑडिट वर्ग आणि दोषांची यादी मोठ्यानं वाचायला लावा. सभेत फक्त नाश्त्याला जाणाऱ्यांची संख्या आपल्याकडे मोठी आहे.

आप्पांचं काय झालं ते राहिलंच. त्यांच्या दाखल्यावरचा सभासद क्रमांक आम्ही शोधला, तो कुठल्या तरी भलत्याच राज्यातल्या सीएचा निघाला. त्या बिचाऱ्याला पाचोरा कुठं आहे हेही ठाऊक नसणार. म्हणजे ज्याचं लायसन रद्द करायला आप्पा निघाले होते त्याचा यात काही दोषच नव्हता, आणि ज्यानं हे केलं त्याच्याकडे रद्द करायला लायसनच नव्हतं. बनावट शिक्का मारणं, सीए नसताना सीए म्हणवणं हा गुन्हा आहे, त्याची जागा पोलीस ठाणं. आप्पा तिकडे गेले नाहीत. खोटा कागद बँकेत आपणच नेऊन दिला होता, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

मी त्यांना एका खऱ्या सीएकडे पाठवलं. तिथं अर्धा तास नाही, चार दिवस लागले. साहेबांनी सातबारा मागितला, जमिनीचं मूल्यांकन मागितलं, ठेवींच्या पावत्या पाहिल्या, गावच्या विकास सोसायटीचं पीककर्ज किती बाकी आहे याचा दाखला आणायला लावला. एजंटानं ते कर्ज धरलंच नव्हतं. नवा आकडा जुन्यापेक्षा बराच खाली आला, पण बँकेला लागत होता त्याच्या वर राहिला.

दाखला घेऊन आप्पा परत ऑफिसात आले. "खरा शे का हाऊ कागद, बघ बरं," म्हणाले. त्यांच्याच मोबाईलवर ओटीपी मागवला, यूडिन टाकला. नाव आलं, तारीख आली, आकडा आला. आप्पांनी चष्मा वर करून आकडा दोनदा वाचला.

"भो, तेवढं सोसायटीचं कर्ज त्यानं नसतं धरलं तर चाललं नसतं का?"

मी पोऱ्याला दोन चहा सांगितले.